जोतिबापुढं घेतलेली शपथ
दारू सोडायची शपथ घेणं हा आमच्याकडं दारूइतकाच जुना रोग आहे. मी आईची घेतली, पोरीची घेतली. शेवटी बायकोनं मला जोतिबाच्या डोंगरावर नेलं. तिला वाटलं, माणसांना फसवतोय, देवाला तरी भिईल. मी तरी काय कमी? गाभाऱ्यासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "देवा, परत पिलो तर तुझं तोंड बघणार न्हाय!" रांगेतली चार माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, काय गडी हाय आपण!

अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी कागलच्या एमआयडीसीतून सुटलो तो सरळ बारमध्ये.

आता गंमत ऐका. शपथेचा पहिला भाग मी मोडला, पण दुसरा अगदी इमानदारीनं पाळला. तीन वर्षं डोंगर चढलो नाही. घरात देव्हाऱ्याकडं पाठ करून जेवायचो. देवाशीच संबंध तुटला म्हटल्यावर मला अडवणार कोण? मग पीतच राहिलो. असला बिनडोकपणा करायला माझ्यासारखंच खुळं पाहिजे. बायको मात्र दरसाल माघातले खेटे करायची. पाच रविवार, कोल्हापुरातून डोंगरापर्यंत, अनवाणी. ते माझ्यासाठी. आणि मी घरात उताणा पडलेला.

पुढं हात थरथरायला लागले, कारखान्यात लेथ मशीनवर कातायला घेतलेला जॉब बिघडायला लागला, तेव्हा तिनं आणि मेव्हण्यानं मला धरून व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. त्या दोघांना मी तेव्हा नको नको त्या शिव्या दिल्या. आज त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.

केंद्रातून सुटलेल्यांची दर बुधवारी बैठक असते. तिथं एक निवृत्त मास्तर येतात, बारा वर्षं दारूला न शिवलेले. देवाचा विषय निघाला की मी गप्प बसायचो. एकदा त्यांनी खोदून विचारलं, तेव्हा शपथेचं सगळं सांगितलं. आठ महिने पिलो नव्हतो, तरी आत एकच भीती होती. देवापुढं खोटा पडलेला माणूस, आज ना उद्या परत पिणारच.

मास्तर पोट धरून हसले. माझं डोकंच सणकलं.

"हसायला काय झालं वो?"

"आरं गड्या, तोंड बघणार न्हाय असं तू म्हणालास. देव कुठं म्हणाला?"

दोन दिवस मी धुमसत होतो. एवढी साधी गोष्ट मला दुसऱ्यानं सांगावी लागली, ह्याचा राग. पण त्या हसण्यानं माझ्या छातीवरची धोंड हलली, हे कबूल केलंच पाहिजे. मास्तरांचे उपकार ह्या जन्मात फिटायचे नाहीत.

माघातला पहिला रविवार आला. पहाटे बायको निघाली तशी मी म्हणालो, "मी बी येतो." तिनं पाण्याची एक बाटली भरली होती, दुसरी भरली.

अर्ध्या वाटेत माझ्या पायाला फोड आले. ती आपली झपाझप पुढं. ह्याच वाटेनं ही बाई तीन वर्षं एकटी चालली, हे तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. चालता चालता रडलो. लाज कसली?

वर रांगेत "चांगभलं!" चा गजर चालला होता. पुढं सरकलो. मान वर केली. गुलालानं माखलेलं देवाचं तोंड. रागावलेलं काही दिसेना. मला भरून आलं आणि सवयीनं तोंड उघडलं, "देवा, हितनं पुढं जलमात कधी..."

बायकोनं दंडाला करकचून चिमटा काढला. "गप बसा! शपथ घेऊ नगासा. आज पिला न्हाईसा, तेवढंच सांगा."

मागनं माणसं ढकलत होती.

"आज पिलो न्हाय, देवा," मी म्हणालो. देवापुढं उभा राहून आजवर बोललेलं हे माझं पहिलं खरं वाक्य.