शर्यतीच्या कंपनीची एसयूव्ही आमच्या पाणंदीत

मंडळी, सकाळपासून डोकं चालंना झालंय. तुम्हीच सांगा.

मुरुडच्या माझ्या मित्रानं, बालाजीनं, नवी गाडी घेतली. ज्या कंपनीच्या बुटक्या शर्यतीच्या गाडीचं पोस्टर कॉलेजपासून माझ्या भिंतीवर हाय, त्याच कंपनीची. पण ही उंच एसयूव्ही! मी तोंडावरच म्हणलो, "कंपनीनं इज्जत घालवली राव."

आमच्याकडं नवं वाहन आधी शेतातल्या म्हसोबाला नेतात. पाणंदीत शिरलो तर पुढं बैलगाडी, अन् बाजूनं जायला जागा न्हाई. म्हातारा गाडीवान वळून म्हणला, "घाई हाय का रं?"

"न्हाई मामा, चालू द्या," बालाजी म्हणला. मग शर्यतीच्या कंपनीची गाडी बैलांच्या चालीनं म्हसोबापर्यंत गेली.

चाकाखाली लिंबं ठेवता ठेवता बालाजीनं विचारलं, "तुझी पोस्टरवाली इथवर आली असती का?"

न्हाई. पहिल्याच खड्ड्यात पोट टेकलं असतं तिचं.

तरीबी ही मला लई भारी वाटली, असं म्हणवत न्हाई. पण फोटोची वेळ आली तेव्हा बोनेटला टेकून सगळ्यात आधी मीच उभा होतो. आता घरी त्या पोस्टरकडं बघू कसं?