दोन तुकड्यांची होडी

पप्पा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात गारखेड्यातल्या आमच्या गच्चीवर प्लायवूडचे तक्ते येऊन पडले. आईला वाटलं, स्वयंपाकघरातलं कपाट होतंय एकदाचं. पप्पांनी तिला आठवडाभर तसं वाटू दिलं, हे काही बरं केलं नाही.

आठव्या दिवशी ती वाळवण घालायला वर गेली आणि तशीच खाली आली.

"कपाट असं निमुळतं कशाला केलंय वो?"

"कपाट नाय ते," पप्पा पेपरातून मान न काढता म्हणाले. "होडी आहे."

त्या रात्री ताटात नुसती खिचडी आली. आमच्या घरात ती रागावल्याची हीच खूण असते.

पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं फिटर होते. बोलणं कमी, मोजमाप पक्कं. कारखान्याच्या सहलीत एकदा ते कोकणात गेले होते. बाकीचे लोक मासे खात असताना त्यांनी किनाऱ्यावर बसून एक शिडाची होडी दिसेनाशी होईपर्यंत बघितली. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा अर्धी होडी तयार झाली होती. मी छावणीतल्या एका शाळेत शिकवते. शाळेतून आले की वर जाऊन त्यांना स्क्रू देत बसायचं, हा माझा त्या पावसाळ्यातला उद्योग.

गल्लीत चर्चा झालीच. समोरचे काका गच्चीत उभे राहून विचारायचे, "जिन्यातून कशी उतरवणार वो ही?" पप्पा हसायचे. दिवाळीनंतर त्यांनी मधले बोल्ट सोडले, तेव्हा होडीचे सरळ दोन तुकडे झाले. एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात बसत होता. जिना त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवला होता.

शीड आईनं शिवलं. तिनं हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मंडपवाल्याकडून पप्पांनी जाड पांढरं कापड आणलं, तर तिनं मशीन ओढून घेतली आणि दोन दुपारींत काम संपवलं. कडेच्या दुमडीत तिनं आपल्या मनानं एक दोरी घालून टाकली होती. "कशाला ती?" पप्पांनी विचारलं. "नायतर वाऱ्यानं फाटंल की," ती म्हणाली. आम्हाला दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

पाणी म्हणजे आमच्यासाठी जायकवाडीचंच. आईचं माहेर गंगापूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. मूळ गाव पाण्यात गेलं तेव्हा ती सातवी-आठवीत होती. मग वस्ती वर माळावर सरकली. पप्पांनी धरणाच्या हापिसात खेपा घालून होडीची परवानगी काढली आणि जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही पिकअपमध्ये दोन तुकडे टाकून निघालो.

काठावर आईचा चुलतभाऊ वाट बघत उभा होता. "जय भीम अक्का," म्हणत त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि होडीकडे बघून म्हणाला, "दाजी, तुम्ही केली? सोता?" पप्पांनी मान हलवली. बोल्ट आवळता आवळता त्यांचे कान लाल झाले होते.

आई म्हणाली, "जा तुम्ही दोघं. मी बसते इथं." आणि ती खडकावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलायला लागली.

मी आणि पप्पा बसलो. होडी तरंगली. एक थेंब आत आला नाही. पप्पांनी शीड चढवलं, दोरी हाताला गुंडाळून ओढली. होडी एका बाजूला कलली, गर्रकन वळली आणि परत येऊन काठालाच लागली. पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला शीड फडफडून माझ्या डोक्यात बसलं. मामा तोंड फिरवून हसत होता. पप्पांनी कागदावर सगळं काढून आणलं होतं. ते कागद बघायला लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेवढ्यात पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. आईनं चपला काठावर सोडल्या होत्या, साडीचा काचा खोचला होता, आणि ती गुडघाभर पाण्यातून येत होती.

"सरका जरा," ती पप्पांना म्हणाली. "दोरी लई आवळून धरलीय तुम्ही. ढिली सोडा. आणखी. तिला दम घेऊ द्या."

होडी जराही न हलवता ती आत चढली. मागं बसली, सुकाणूचा दांडा काखेत धरला आणि पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ते बघा, तिकडं पाण्याला सुरकुती पडलीय. आलं वारं."

आणि शीड भरलं. आवाज झालाच नाही. काठावरचा मामा, पिकअप, बाभळी, सगळं आपोआप मागं सरकायला लागलं. खरंतर आम्हीच चाललो होतो.

त्यानंतरचा तासभर मला नीट क्रमानं आठवत नाही. स्वप्न आठवतं तसा आठवतो. काठाच्या कडेकडेनं आम्ही मावळतीकडं चाललो होतो. उजवीकडे गव्हाचे हिरवे पट्टे पाण्याला टेकलेले, मध्येच एखादा पंप, धुणं वाळत घातलेला खडक, पाण्यात उभ्या म्हशी. एका म्हशीनं आमच्याकडे मान वळवून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिली. डावीकडे नुसतं पाणी. पलीकडचा काठ धुरकट, असून नसल्यासारखा. ऊन पिवळं होतं, मग केशरी झालं, आणि त्या पांढऱ्या मंडपाच्या कापडातून झिरपून आमच्या तिघांच्या अंगावर पडत राहिलं. होडीखाली पाणी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होतं.

खूप वेळानं पप्पा म्हणाले, "तू कुठं शिकलीस हे?"

"मामासंगं. माझ्या मामासंगं." ती समोरच बघत होती. "गाव उठल्यावर पाणी उतरलं की मधल्या उंचवट्यावर गाळ उघडा पडायचा. तिथं आम्ही काकड्या, टरबुजं लावायचो. गाळपेर म्हणायचं त्याला. जायला होडीच लागायची. मामाला वल्हं मारून मारून कंटाळा यायचा, मग तो धोतर लावायचा काठीला. अन् झोपायचा. मीच न्यायची होडी."

"किती वर्षं?"

"लग्न होईस्तोवर."

पप्पा तिच्याकडं वळले. "इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस."

"तुम्ही इचारलं व्हय कधी?"

हे ती चिडून म्हणाली नाही. अगदी सहज म्हणाली, आणि म्हणूनच ते मलाही लागलं. मी तिला पोह्यांत काय घालतेस ते विचारलं होतं, पाठदुखी विचारली होती, शाळा तिनं अर्ध्यावर का सोडली तेही एकदा विचारलं होतं. पण ती पाण्यावर काय होती, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मग तीच बोलत गेली. लग्न होऊन शहरात आली तेव्हा पहिले काही दिवस तिला खाटेवर पडलं की खाट डुलतेय असं वाटायचं. सकाळी उठून ती आधी पडद्याकडं बघायची, वारं कुठलं आहे ते कळायला. "मग हळूहळू सुटलं," ती म्हणाली. एका ठिकाणी तिनं दांडा किंचित वळवला आणि बोट दाखवलं. "ह्याच्या खाली आमची विहीर हाये. गोड पाण्याची." आम्ही तिघांनी वाकून बघितलं. खाली हिरवट अंधार, वर आमचे तीन चेहरे.

सूर्य टेकला तसं वारं पडलं. शीड लोंबलं आणि होडी थांबली. पप्पांनी लगेच वल्हं उचललं, तर आईनं हात वर केला. "असू द्या जरा."

पाणी आरशासारखं झालं होतं. आभाळातला गुलाबी रंग खालीही होता, त्यामुळं आपण कशावर तरंगतोय तेच कळेना. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा एका ओळीत उभा होता. मग कशानं कोण जाणे, ती ओळ उठली. पंखांच्या आतला लाल रंग एकदम उघडा झाला. पप्पांनी एक हात पाण्यात सोडला होता आणि तो तसाच राहिला होता.

"मला शिकव," ते म्हणाले.

मी त्यांना कुणाकडं असं काही मागताना पाहिलं नव्हतं. कारखान्यात दुसरे त्यांच्याकडं शिकायला यायचे.

आई जरा हसली. "आधी घाई सोडा. सारखं कायतरी करायला लागतंच असं नाय."

परत येताना आळीपाळीनं वल्ही मारली. काठावर मामानं काट्याकुट्या पेटवून चहा ठेवला होता. आम्ही उतरलो तेव्हा संधिप्रकाश उरला होता, आणि आईच्या साडीला ओल लागून ती पोटरीपर्यंत गडद झाली होती. तिनं चहा उभ्यानंच प्यायला. मामा म्हणाला, "अक्का, तू अजून विसरली नाय." ती म्हणाली, "हाताला आठवतं. मला काय आठवत नव्हतं बसेपर्यंत."

होडी तेव्हापासून मामाच्या कडब्याच्या शेडमध्ये असते. थंडीत आम्ही जवळजवळ दर रविवारी जातो. पप्पा शिकले, पण बरे म्हणावेत इतकेच. अजून दोरी आवळतात आणि अजून बोलणी खातात. आमच्या कॉलनीतल्या विहारात बायका जमतात, त्यांना ही गोष्ट कळली. पहिल्यांदा दोघी आल्या. त्यातली एक साठीची, आयुष्यात पाण्यावर कधी न गेलेली. तिनं होडीकडं जाताना माझा हात इतका घट्ट धरला की बांगडीचा वळ उठला. आईनं तिला मध्ये बसवलं, दुसरीला समोर. पप्पा मांडीभर पाण्यात उभे राहून होडी धरून होते. आई म्हणाली तेव्हा त्यांनी सोडली.

मी काठावर वह्या तपासायला घेतल्या होत्या. थोड्या वेळानं लांबून गाण्याचा आवाज यायला लागला. मध्ये बसलेलीच गात होती. शब्द पोचत नव्हते, नुसता सूर पाण्यावरून सरकत येत होता. मी लाल पेनाचं टोपण लावून टाकलं.