साठ झाडांची पंगत

चहा घ्या. आणि कपात एखादं तूस तरंगताना दिसलं ना, तर बोटाने काढा आणि बिनधास्त प्या. भाताचंच तूस आहे, विष नाही! ते आमच्या घरात कसं आलं, हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. पण तुम्ही घरचेच. शिवाय मी नाही सांगितलं तर आमची ही सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते.

तर आमच्या घराण्यात लग्न कुणाचंही असो, कोठी माझ्याकडे. कोठी म्हणजे कार्यालयातली ती शिध्याची खोली. तिची किल्ली माझ्या खिशात आणि सगळा अंदाज माझा. माझी रीत सोपी आहे. आधी पानं मोजायची, म्हणजे जेवणारी माणसं हो. दर पानाला किती ते धरायचं, त्यावर आग्रहाचं वाढवायचं, त्यावर ऐनवेळी टपकणाऱ्यांचं. उरलं तर वाटता येतं, कमी पडलं तर तोंड दाखवता येत नाही! आजवर माझ्या कोठीत काही म्हणून कमी पडलेलं नाही. (उरलं किती, ते विचारू नका. एका मुंजीनंतर अर्ध्या इंदिरानगरने आठवडाभर बुंदी खाल्लीय.)

ह्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीचं, रेवतीचं लग्न ठरलं. वहिनींच्या मनात होतं, कोठी ह्या खेपेला केटररकडेच सोपवावी. दादा म्हणाला, "छे! आपला अण्णा असताना?" शेवटी दोघांनी रविवारी आमच्याकडे यायचं आणि समोरासमोर काय ते ठरवायचं, असं झालं. म्हणजे माझी अब्रूच पणाला लागली की!

नेमकं तेव्हाच हिने, म्हणजे शोभाने, अंगणातल्या वाफ्याचं काढलं. वाफा केवढा? दोन खाटा एकापुढे एक टाकल्या तर झाकून जाईल, एवढा.

"अहो, ऊन फार झालंय. रोपांच्या बुडाशी तुसांचा थर द्यायचाय, चार बोटं जाड. किती पोती लागतील, बघता का जरा?"

अंदाज? आणि मला विचारतेस? बाह्या सरसावून मी वाफ्यात उतरलो.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? लांबी घेतली असती, रुंदी घेतली असती, थराच्या जाडीने गुणलं असतं आणि हात धुतले असते. मी काय केलं? पानं मोजली! मिरची, वांगी, झेंडू, शेवंती. झाडागणिक एक, अशी साठ पानं भरली.

मग एका पानाला किती? शेजारच्या जोशीकाकू कुंड्यांना तुसं घालतात. त्यांच्याकडून टोपलीभर आणून एका मिरचीच्या बुडाशी ओतली. ती घरंगळत शेजारच्या चार वांग्यांपर्यंत गेली. पण पंगतीत एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या नावावर कुणी धरतं का? अख्खी टोपली मी मिरचीला वाढली. साठ पानं, साठ टोपल्या! झाडांना आग्रह लागत नाही, मान्य. पण सवय जाते का? एकेक टोपली आग्रहाची. मग वाटलं, तांदूळ शिजला की फुगतो, पण तुसं भिजली की दबणार. म्हणून पुन्हा दुप्पट. वर थोडी ऐनवेळी उगवणाऱ्यांसाठी. उगवतात की नाही?

घोटीकडच्या एका भातगिरणीला फोन लावला.

"काका, येवढी तुसं? कोंबड्यांची शेड हाय का?" गिरणीवाला म्हणाला.

"नाही हो, झाडं आहेत."

"किती एकर?"

"एकर कसले! दारातला वाफा आहे."

"लय होतील, काका."

"तुम्ही कधी लग्नाची कोठी सांभाळलीय?"

"नाय."

"मग पाठवा!"

रविवारी सकाळी टेम्पो आला. ही आत पोहे करत होती. ड्रायव्हरने विचारलं, "कुठं टाकू?" मी ऐटीत बोट दाखवलं, "त्या वाफ्यात." त्याने वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टेम्पोचा मागचा फाळका पाडला.

काय सांगू! आधी वाफा गेला. मग तुळस गेली. मग हिची स्कूटर हळूहळू बसल्यासारखी खाली गेली आणि शेवटी नुसते दोन आरसे वर राहिले. ही झारा घेऊन दाराशी आली, तर दार उघडेना!

तेवढ्यात वारा सुटला. गच्चीवरून जोशीकाकूंची किंकाळी, "अण्णा, माझ्या कुरडयांना मिशा फुटल्या हो!"

आणि अशा मुहूर्तावर दादा-वहिनींची गाडी फाटकाशी. वहिनी उतरल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या.

"भाऊजी, हे काय?"

"वाफ्याला आच्छादन."

"कुठल्या वाफ्याला?"

मी दाखवायला गेलो. पण वाफा असायला तर हवा ना! दादा खाली मान घालून हसू गिळत होता. मी घाईघाईने सगळा हिशेब सांगितला. पानं, आग्रह, ऐनवेळचे, सगळं.

"पानं?" वहिनी म्हणाल्या. "झाडं काय जेवायला बसलीयेत?"

खिडकीतून ही म्हणाली, "लांबी-रुंदी धरली असती तर चार पोत्यांत भागलं असतं हो!"

झालं! कोठी केटररकडे गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या लग्नांची किल्ली ती! वहिनींनाही कुठेतरी दया आली असावी. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही अक्षता सांभाळा. त्या कुणी खात नाही."

म्हटलं, चालेल. ह्या वेळी चूक नाही. पानंबिनं मोजायची नाहीत! लांबी, रुंदी, जाडी. अक्षता पडणार कुठे? दोन डोक्यांवर. दोन डोकी, त्यांवर एक बोट जाडीचा थर. वाडगाभर झाल्या की बास!

लग्न सिन्नरला, हॉल खचाखच भरलेला. मी वाडगा घेऊन निघालो. दुसरी रांगही पुरी झाली नाही, तोच वाडगा रिकामा! मागे शेकडो हात पसरलेले, आणि मंगलाष्टकं सुरू. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडचं कमी पडलं हो!

मग आठवलं, गाडीच्या डिकीत उरलेल्या तुसांचं एक पोतं आहे. पाहुण्यांच्या गळ्यात मारायला आणलं होतं. रंग पिवळाच आहे, भाताचंच आहे. लांबून कोण बघतंय?

धावत जाऊन पोतं आणलं आणि मुठी भरभरून वाटलं. कमी पडू दिलं नाही!

"शुभमंगल" झालं आणि सगळ्यांनी हात उडवले. अक्षता खाली पडतात. तुसं पडत नाहीत. वर पंखे होते. पुढच्या क्षणी नवरदेव दिसेना, नवरी दिसेना, आणि गुरुजींनी "सावधान" हे खोकत खोकत म्हटलं. सावध व्हायला उशीर झाला होता.

नंतर वहिनींनी मला खांबाआड गाठलं. "वाफ्याला पानं मोजलीत आणि माणसांना लांबी-रुंदी लावलीत? धन्य आहे!"

तेवढ्यात जोडपं पाया पडायला आलं. दोघं वाकली, तशी केसांतून भुरुभुरु तुसं माझ्या पायांवर सांडली. मला भरून आलं. रेवतीच्या डोक्यावर हात ठेवून मी आशीर्वादाला तोंड उघडलं, "अष्ट..."

"भाऊजी!" वहिनी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "अष्टपुत्रा म्हणू नका! तुमच्या अंदाजाने आठाचे साठ होतील!"