स्टोयानच्या नावाचा कागद

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी मी पूजा आटोपली आणि देवासमोर बसल्या बसल्याच एक खोटं टाइप केलं.

"स्टोयान बरा आहे. कामात आहे."

स्टोयानला जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

तो माझ्या टीममध्ये होता. बल्गेरियाचा. माझ्यासारखाच परदेशातून आलेला; इथल्या तोआ पायोह भागात भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. झोपेत हार्ट अटॅक आला. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या जरा अलीकडे.

जर्मनीहून त्याचा भाऊ आला, अस्थी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "गावी पेना मावशीला इतक्यात कळवू नका. चौऱ्याऐंशीची आहे ती. उन्हाळ्यात मी जाईन, समोर बसून सांगेन."

मी हो म्हटलं.

आमच्या घरीही असंच केलं होतं. धाकटे काका मुंबईत गेले, ते आजोबांना कुणी सांगितलंच नाही. "पत्र नाही आलं का रे त्याचं?" असं ते शेवटपर्यंत विचारत राहिले. आम्ही सगळे इकडेतिकडे बघायचो.

ह्यालाच माया म्हणतात, असं तेव्हा वाटायचं.

मावशीकडे स्मार्टफोन नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्या गावात पावाची गाडी येते. गाडीचा ड्रायव्हर इलिया मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिचे मेसेज पाठवतो. स्टोयानचा फोन लागला नाही तर असावा म्हणून माझा नंबर तिच्याकडे होता.

लंचला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत बसलो की स्टोयान गावाचं बोलायचा. दोन डोंगरांमधली दरी, मधून नदी, दोन्ही काठांना तंबाखूची शेतं. त्याच्या आजोबांच्या वेळी सणाला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसायची. पुढे सरकारने जमिनी आणि बैल सामूहिक शेतीत घेतले. वडिलांच्या पिढीला शहरातल्या कारखान्याने नेलं. मग राजवट बदलली, कारखाना बंद पडला आणि ह्याची पिढी विमानात बसून गेली.

शाळेत आता मेंढ्या बांधतात. माणसं उरली अकरा.

मी स्वतः एका खोलीच्या शाळेत शिकलेला. मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

"आमच्या गावाचा इतिहास कुठे लिहिलेला नाही," तो म्हणायचा. "दारं वाचायची."

त्यांच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि भोवती काळी चौकट असा कागद छापून घराच्या दारावर लावतात. चाळिसाव्या दिवशी नवा कागद, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षी. गहू शिजवून, गोड करून शेजाऱ्यांना वाटतात. शेजारी जेवले की ते गेलेल्याला पोचतं.

मी त्याला आपल्या पिंडाचं सांगितलं.

"कावळ्याच्या भरवशावर राहता?" तो हसला. "आमचा शेजारी कधी नाही म्हणत नाही. दोनदा मागून घेतो."

आईचा कागद तो दर वर्षी ऑफिसच्या प्रिंटरवर काढून पाठवायचा. मावशी कणकेची खळ करून चिकटवायची.

तर अशा बाईला मी वर्षभर लिहीत राहिलो. प्रोजेक्ट आहे. फोन बिघडलाय. टूरवर गेलाय.

थंडीत माझ्या पत्त्यावर पार्सल आलं. लोकरीचे मोजे. "ऑफिसात एसी फार असतो म्हणतो ना तो."

माझ्या बायकोने, वैशालीने, ते घडी करून कपाटात ठेवले. 

उन्हाळा आला. भाऊ गावी गेला नाही. मीही त्याला विचारलं नाही. खोट्याचंही काम असतं, दर आठवड्याला करावं लागतं. मी थकलो होतो.

गेल्या महिन्यात इलियाने फोटो पाठवला. मावशी स्टुलावर उभी, हातात चुन्याचा ब्रश. खाली मेसेज:

"स्टोयानची खोली रंगवते आहे. वरची पट्टी राहिली. विचारते, कधी येतो?"

पंच्याऐंशीला टेकलेली बाई. स्टुलावर.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन फोन लावला. तिकडे सकाळ होती. इलियाला म्हटलं, तिला खाली बसव आणि मी बोलतो तेवढंच सांग.

"मावशी, स्टोयान गेला."

इलियाने तिला सांगितलेलं ऐकू आलं. मग इलिया म्हणाला, "कधी, विचारते."

"वर्ष होत आलं. मी खोटं सांगत होतो."

इलिया थांबला. मग त्याने सांगितलं असावं, कारण ती बोलायला लागली आणि थांबेचना.

"काय म्हणते?"

"शिव्या देते. सांगू?"

"सांग."

"म्हणते, गाढवांनो, वर्षभर माझ्या पोराला दाराबाहेर उपाशी उभं केलंत. कागद नाही, गहू नाही. मी मेले असते ऐकून, तर मेले असते. तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

मी जिन्यातच खाली बसलो.

पलीकडे ती रडत होती. रडता रडताच काहीतरी म्हणाली.

"विचारते, त्याचा चांगला फोटो आहे का. टाय घातलेला."

होता. ऑफिसच्या ॲन्युअल डिनरचा.

"म्हणते, दोन कागद काढ. एक इकडे पाठव. एक तिकडे लाव. राहिला तिकडे ना तो?"

त्याच्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. त्या दारावर कसा लावणार?

मी घरी सांगितलं. वैशाली म्हणाली, "अहो, आपल्या दारावर? मेलेल्या माणसाचा कागद?"

मी तिला टाय घातलेला तो फोटो दाखवला.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तोरणाखाली नको. बाजूला लावा."

मुलगा इथल्या बोलीत म्हणाला, "बाबा, सगळे नेबर्स विचारतील, लाह. कोण गेलं म्हणून."

"विचारू देत. सांगू."

इलियाने मजकूर लिहून पाठवला, मी दोन कागद छापले. मावशीचा कागद मागच्या आठवड्यात पोचला. तिने स्वतः लावला.

आज वर्ष झालं. सकाळी गहू शिजवले, मजल्यावरच्या चार घरांत दिले. मग सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर, तोरणाच्या बाजूला, मला वाचता न येणाऱ्या अक्षरांतला तो कागद लावला.

स्टोयान, फार उशीर केला. आज तुझा रीतसर निरोप घेतो.