गुडगावचं प्रमाणपत्र, फरिदाबादची नोकरी

भावजींची बदली जाहीर झाली आणि दिल्ली छावणीतल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये दोन चर्चा एकदम सुरू झाल्या: सामान कधी बांधायचं आणि वैशालीचं लग्न कधी करायचं. वैशाली ताईची आणि भावजींची मुलगी, माझी भाची, वीस वर्षांची, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालेली. "पंधरा दिवसांत नोकरी मिळाली तर मावशीकडे राहा, नाहीतर आईबरोबर साताऱ्याला जा," असं भावजींनी सांगितलं. फौजी माणूस, मुदत देऊन मोकळा.

मी लगेच पुढे झाले, कारण पेपरात जाहिरात पाहिली होती. गुडगावात युवा सक्षमीकरण! तीन दिवसांचं मोफत प्रशिक्षण आणि शेवटच्या दिवशी नोकरी. मी बँकेत रजा टाकली आणि वैशालीला मयूर विहारला माझ्याकडे घेऊन आले.

मयूर विहारहून गुडगावला जाणार असाल तर साडेसहाला निघा. आमच्याकडे मेट्रो अजून आलेली नाही, खोदकाम मात्र आलंय. बसने धौला कुआँ, तिथून दहा रुपयांत जीप. दुसऱ्याची बॅग मांडीवर फुकट मिळते. काचेच्या इमारती दिसू लागल्या की गुडगाव आलं, आणि रस्ता संपला की तुम्ही पोचलात. फुटपाथ शोधू नका. तो नकाशावर आहे.

पहिल्या दिवशी हसायला शिकवलं. मी मागच्या सोफ्यावर बसून बघत होते. टाय लावलेले सर ओरडत होते, "आँखों से स्माइल करो!"

"सर, प्रॅक्टिकल कब है?" वैशालीने विचारलं.

"बेटा, यही प्रॅक्टिकल है."

दुसऱ्या दिवशी हात मिळवायला शिकवलं. तिच्या बायोडेटातली 'घरगुती व औद्योगिक वायरिंग' खोडून 'ऊर्जा क्षेत्राची आवड' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी दोन तास उशिरा आलेल्या पाहुण्यांनी समई पेटवली, तरुणांनी उठून उभं राहावं असं बसल्या बसल्या सांगितलं, आणि प्रमाणपत्रं वाटली. मग नोकरी. मॉलच्या दारात टेबल मांडून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुलामुलींची नावं याच प्रशिक्षणासाठी नोंदवायची.

"म्हणजे दुसऱ्यांना मी इथे आणायचं?" वैशालीने मला हळूच विचारलं.

सरांना मराठी येत नव्हती, पण चेहरा वाचता आला असावा. "बिल्कुल! अब तुम औरों को एम्पॉवर करोगी."

आणि मी, जिने तीन दिवस मनातल्या मनात या सगळ्याची टर उडवली, तीच मी म्हणाले, "घे गं. चांगली वस्ती आहे, एसी आहे."

"मावशी, मला एसीत बसायचं नाहीये," ती म्हणाली. "मला काम येतं."

आम्ही बाहेर आलो. गाडीवरचे छोले-कुलचे खा, पंधरा रुपयांत पोट भरतं; गुडगावात मला आवडलेली ती एकमेव गोष्ट. शेजारी इमारतीचा जनरेटर दुरुस्त करून आलेले एक काका जेवत होते. वैशालीने त्यांना सरळ विचारलं, "अंकल, वायरिंग का काम कहाँ मिलेगा?"

त्यांनी तिला नीट पाहून घेतलं. "फरीदाबाद में हमारी मैडम बिजली के पैनल बनाती हैं. वायरमैन कम पड़ रहे हैं. लड़की कभी रखी नहीं. पूछ लो." पत्ता कुलच्याच्या कागदावर मिळाला.

दुसऱ्या दिवशी आश्रम चौकातून बस धरली. बदरपूरला तासभर अडकलो. पाणी बरोबर ठेवा. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. मालकीणबाई पंजाबी, चष्मा कपाळावर. गुडगावचं प्रमाणपत्र त्यांनी चहाच्या ग्लासखाली ठेवलं आणि एक ड्रॉइंग पुढे सरकवलं. "मोटर का स्टार्टर है. वायर कर."

माझा चहा निवला. अर्ध्या तासाने वैशाली थबकली, एक वायर पुन्हा पाहिली, उपसली, नवी कापून लावली. बाईंनी प्रत्येक जोड ओढून पाहिला. एकही निसटला नाही.

"टॉयलेट एक ही है. साफ़ नहीं है," त्या म्हणाल्या.

"अंदर से बंद करने की कुंडी है?"

"है."

"फिर ठीक है."

"सोमवार से आ जा."

त्याच आठवड्यात गुडगावहून फोन आला. नोकरी लागली का? लागली? बधाई हो! पोस्टरसाठी एक फोटो पाठवा. वैशाली म्हणाली, "सर, मैंने आईटीआई में सीखा है. फोटो उनके पोस्टर पर लगेगी." फोन ठेवून ती डबा घासायला गेली.

मला विचाराल तर गुडगाव एकदा बघून या. काच छान आहे. मी मात्र तिथे स्वतःलाच जरा जास्त पाहिलं: मुलीच्या हातातलं कसब सोडून इमारत बघणारी बाई.

नोकरीचं कळवलं तेव्हा भावजी फोनवर "फॅक्टरीत?" एवढंच म्हणाले होते. सामान न्यायला ट्रक आला त्या सकाळी मी क्वार्टरवर गेले. जवान ट्रंका चढवत होते. ताई रडत होती, वैशाली कामावर गेली होती. भावजींनी वैशालीच्या ट्रंकेवर हात ठेवला.

"ही नको," ते जवानाला म्हणाले. "ही मयूर विहारला जाईल."