सुरुंगाच्या बोटीवरचे यजमान
रस्त्यावर डांबर तापलं की मला माझे यजमान आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत ते आरमारात होते. शत्रूनं समुद्रात पेरलेले सुरुंग काढून मुंबई बंदराची वाट मोकळी ठेवणाऱ्या बोटीवर. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भर उन्हाळ्यात ते चार दिवसांच्या रजेवर पाथर्डीला घरी आले, तेव्हा त्यांच्या कपड्यांना डांबराचा, खारट असा वास येत होता. विहिरीनं तळ गाठला होता. सासरे म्हणाले, "हितं प्यायला पानी न्हाई आन् तू समुद्राची राखन करतूस व्हय? जाऊ नगंस परत." हे खाली बघत म्हणाले, "आबा, आमी सुरुंग काढले न्हाईत, तर धान्याची जहाजं आत कशी यायची?" सासरे घोंगडी झटकत राहिले. निघताना मी मोटारीपर्यंत गेले आणि धीर करून विचारलं, "समुद्र लई मोठा असतो का?" "पुढल्या खेपेला दाखवतो की," ते हसून म्हणाले. दिवाळीच्या आधी त्यांची बोट सुरुंगावर आदळून सगळ्यांसकट बुडाल्याची तार आली. आता पुतणे म्हणतात, काकू, चला, समुद्र दाखवून आणतो. मी जात नाही. यजमानांना मी कधी नावानं हाक मारली नाही. तिथं उभी राहिले तर ती हाक तोंडून निघेल.