वाकड्या मानेचे पणजोबा

मंगळवार पेठेतल्या चष्मेवाल्या अण्णांची मान डावीकडे इतकी कललेली, की पावसात त्यांचा फक्त उजवा कान भिजायचा. डावा कोरडा ठणठणीत घरी जायचा.

"घराण्याची मान हाय ही," असं सांगून अण्णा पुरावा म्हणून दुकानातल्या भिंतीकडे बोट करायचे. तिथे एक जुना, तपकिरी फोटो होता. पाठमोरे सैनिक घोडी घेऊन कुठेतरी निघालेले. सगळं इतकं पुसट, की नव्या गिऱ्हाइकाला वाटे, आपला नंबर वाढला. अर्धा धंदा त्या फोटोवरच चालायचा. एखादा म्हणालाच, "मला स्वच्छ दिसतोय," तर अण्णा हादरून त्याला थेट मोठ्या डॉक्टरकडे धाडत.

डावीकडून तिसरा फेटेवाला म्हणजे अण्णांचे पणजोबा. ओळखलं कशावरून? मानेवरून.

"अण्णा, बाकीच्यांच्या पण माना वाकड्याच हायत की," मी शेजारधर्म म्हणून विचारलं.

"भावकी हाय ती."

"आणि घोडी?"

"चढ हाय, लेका! चढावर घोडं सरळ चालतंय व्हय?"

एकदा फोटोचा नाद असलेले एक प्राध्यापक चष्म्याची काडी बसवायला आले. म्हणाले, "अण्णा, हा परदेशातला फोटो. चित्रासारखा दिसावा म्हणून पूर्वी मुद्दाम असे धूसर छापत. आणि हा फेटा नाही, हॅट आहे."

"मुद्दाम? एवढी घोडी निघाल्यावर धुरळा न्हाय तर काय अत्तर उडणार?" अण्णा गरजले. पण काडी उलटी बसवली.

त्याच सुमाराला अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. जन्मभर जगाला नीट बघायला लावणारा हा माणूस ऑपरेशनचं नाव काढलं की उठून जायचा. मला एकट्याला म्हणाला, "फेटा दिसतोय तंवर दिसू दे की." शेवटी एके दिवशी त्यांनी दारातल्या म्हशीला "या पावणं, बसा" म्हटलं. म्हैस बसलीही. मग मात्र लेकीने त्यांना उचलून दवाखान्यात नेलं.

पट्टी सुटली तशी हिरवा चष्मा लावून अण्णा थेट दुकानात. मागे अख्खी गल्ली. बराच वेळ ते फोटोसमोर उभे राहिले.

"हॅट हाय."

मी म्हणालो, "फेटा धुवायला टाकला असंल."

अण्णा हसले नाहीत. आणखी जवळ गेले. "आणि फोटो वाकडा टांगलाय." त्यांनी चौकट सरळ केली. त्याबरोबर सगळी भावकी ताठ झाली, चढ सपाट झाला, आणि भिंतीवर नुसती परकी माणसं उरली. अण्णांची मान तेवढी होती तशीच.

थोड्या वेळाने त्यांनी एका बोटाने चौकट पुन्हा कलती केली.

"ऱ्हाऊ दे. पणजोबास्नी सरळ उभं ऱ्हायची सवय न्हाय." आणि असे खदाखदा हसले, की शोकेसमधल्या चष्म्यांनी डोळे मिटले.

गेल्या वर्षी दुकान बंद करून अण्णा लेकीकडे वारणानगरला गेले. निघताना फोटो माझ्या हातात दिला. "लेकीच्या घरात सगळं लई सरळ असतंय. तू ने. पण वाकडाच लाव."

लावलाय. बायको सकाळी केर काढताना तो सरळ करते, मी चहा पिताना वाकडा करतो. परवा एक पाहुणे माझ्याकडे बघत म्हणाले, "मान धरलीया व्हय तुमची?"

"न्हाय पावणं," मी भिंतीकडे बोट केलं, "भावकी हाय."